मानाचा पहिला वस्तरा

सटवाच्या आधी त्याच्या आईची तीन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली. चौथा जगला. सटवाईनं राखला म्हणून त्याचं नाव सटवा ठेवलं. शाळेत मास्तरांनी एकदा विचारलं, "हजेरीला दुसरं एखादं चांगलं नाव लावू का रे?" तेव्हा तो म्हणाला होता, "ह्याच नावानं जगलोय, गुरुजी. दुसऱ्याचा काय भरवसा?"

त्याचा बाप धुळाजी म्हशी भादरायचा. उन्हाळा लागायच्या तोंडावर म्हशीच्या अंगावरचे केस वस्तऱ्यानं काढायचे आणि वरून तेल चोळायचं, हा त्याचा धंदा. म्हशीला ऊन सोसत नाही. केस काढले की तिला बरं वाटतं, गोचिडाला लपायला जागा राहत नाही आणि तेल लावलेली काळी तुकतुकीत म्हैस आष्टीच्या बाजारात दुरून उठून दिसते. धुळाजीचा वस्तरा तालुक्यात नावाजलेला होता, पण तो स्वतः वस्तऱ्याला फारसं मोजत नसे. म्हैस पुढं आली की आधी डोळे मिटायचा आणि केसांच्या उलट्या बाजूनं तळवा फिरवायचा. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत. सटवाला त्यानं तेच शिकवलं. दोन वर्षं त्याच्या हातात वस्तरा दिला नाही. नुसता हात फिरवायला लावला, आणि विचारायचा, "काय लागलं?"

हळूहळू सटवाच्या तळव्याला कळू लागलं. दाव्यानं केस गेला असेल तर तो दाव्याच्या वाटेनंच जातो, बाजूला सरकत नाही. खरजेनं गेला असेल तर तिथली कातडी जाड होते, तिला घड्या पडतात, आणि म्हैस अंग घासून घासून खुंटा ढिला करून ठेवते. पोटाला कमी पडलं तर केस आधी तांबूस होतो, राठ होतो, मग विरळ होतो, पण कातडी साफ असते. आणि गजकर्ण असेल तर कानामागं नाहीतर डोळ्याभोवती रुपयाएवढी वाटोळी जागा लागते, केस मुळाशी तुटलेले, वर चिमूटभर राख सांडावी तशी खपली. गजकर्णाला म्हैस फारशी खाजवत नाही. म्हणून मालकाचं तिकडं लक्ष जात नाही, आणि तेवढ्यात ते दावणीभर पसरतं. तरण्या जनावराला लवकर धरतं, आणि माणसालाही सोडत नाही. धुळाजीचा एक नियम होता. एका म्हशीचा वस्तरा उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसरीला लावायचा नाही. फडकंही उकळायचं. त्यापायी तो स्वतःबरोबर पातेलं आणि सरपण घेऊन हिंडायचा, आणि लोक हसायचे, "धुळाजी, चहा ठेवला का रं म्हशीला?"

बाप गेल्यावर ते पातेलं सटवाकडं आलं आणि हसणंही आलं. लोक त्याला म्हशीचा न्हावी म्हणत. बाजारात कुणी टोपी काढून टक्कल पुढं करी, "सटवा, हात फिरव रं, कोणता रोग हाय बघ." सटवा खरंच हात फिरवून सांगे, "रोग न्हाई. वय हाय. अन् थोडी बायको हाय." तरी चेष्टेचेष्टेत माणसंही त्याला खरोखर दाखवू लागली. पोराच्या डोक्यातला चट्टा, काखेतली खाज, बाळंतिणीचे मुठीनं गळणारे केस. त्याला जे कळे ते तो सांगे, आणि कळलं नाही असं सांगायला त्या वयात त्याला जड जाई.

त्याची किंमत बिभीषणानं मोजली. बिभीषण सटवाच्या बरोबरीचा, एकाच वर्गात बसलेला. त्याच्या कोपराखाली फिकट डाग पडला, त्यावरचे केस गेले. खाज नाही, खपली नाही. सटवा म्हणाला गजकर्ण असेल, करंजाचं तेल लाव. दीड वर्ष बिभीषण तेल लावत राहिला. मग एक दिवस बिडी पेटवताना काडी बोटापर्यंत जळत आली आणि त्याला ते कळलंच नाही. शेजारच्यानं काडी झटकली. सरकारी दवाखान्यात महारोग निघाला. गोळ्यांनी तो पुरता बरा झाला, लग्नही झालं, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. त्यानं सटवाला कधी बोल लावला नाही. उलट म्हणायचा, "चूक माझीच. म्हशीच्या डाक्टरकडं मी माणूस घेऊन गेलतो." सटवाला मात्र ती बोटं दिसली की जेवण जात नसे. तेव्हापासून कुणाच्याही अंगावर फिकट डाग दिसला की तो आधी डोळे मिटायला लावी आणि बाभळीचा काटा हळूच टेकवून विचारी, "टोचतंय का?" हो म्हटलं तरी, नाही म्हटलं तरी, दवाखान्यात धाडी. आणि मनाशी त्यानं एक धरलं होतं, दिसलेलं गिळायचं नाही.

एवढं धरूनही सन दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात त्यानं ते गिळलं.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ दिसत होते, कडबा संपला होता, आणि गावच्या दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली होती. तीनशे जनावरं, त्यांत एकोणचाळीस म्हशी. माणसं तिथंच पाल ठोकून जनावरांजवळ राहत. सकाळ-संध्याकाळ उसाच्या मोळ्या येत, दिवसाआड टँकर येई. संस्थेचे चेअरमन मोहनराव रोज दुपारी छावणीत खुर्ची टाकून बसत. माणूस कामाचा होता. छावणी त्यानंच धडपड करून आणली होती, हे सटवाही मान्य करी. फक्त आपण केलेलं लोक विसरतील, ही त्याला सारखी धास्ती असे.

फाल्गुन संपता संपता संस्थेनं ठरवलं की छावणीतल्या सगळ्या म्हशी एकदमच भादरायच्या. सटवाला बोलावणं आलं. तो पातेलं घेऊन आला, तर टँकरवाल्यानं पाणी द्यायला नकार दिला. पाणी जनावरांना पिण्यापुरतंच होतं. अंग भिजवायला म्हशीमागं एक तांब्या मिळेल, उकळायला नाही.

आणि आधी कोणाची म्हैस, यावर सकाळचा तास गेला. पहिला मान चेअरमनच्या वगारीचा, यात वाद नव्हता. वगार म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस. दुसरा व्हाइस चेअरमनचा. मग संचालक. पण सातवा कोण आणि आठवा कोण यावरून दोघं सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. "मी शेअर आधी घेतलाय," एक म्हणाला. "शेअर घेतलाय, दूध कुठं घालतोस? पाणी घालतोस," दुसरा म्हणाला. अखेर क्रम लागला. एकोणचाळिसावी आणि शेवटची म्हैस जैनबबीची. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि ती भांडायलाही गेली नव्हती.

जैनबबी बांगड्या विकणाऱ्याची विधवा. घरात ती आणि एकोणीस वर्षांची लेक फरीदा. एकच म्हैस, सात महिन्यांची गाभण. गावातला त्यांचा आड आटला होता, घरी काडी नव्हती. छावणी होती म्हणून म्हैस उभी होती.

सटवानं मानाच्या वगारीवर डोळे मिटून हात फिरवला. डाव्या कानामागं बोटं थांबली. रुपयाएवढी जागा. राख.

"अण्णा," तो खाली वाकून हळूच म्हणाला, "हिच्या कानामागं डाग हाय. आज हिला राहू द्या."

मोहनरावांनी आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं उभी होती. "माझ्या वगारीला डाग? मानाच्या टायमाला काय बोलतो बे? मातीत लोळली असंल. चल, लाव वस्तरा."

सटवानं वस्तरा लावला. मग फडक्याला पुसला आणि दुसऱ्या म्हशीला लावला. मग तिसऱ्या. त्याच फडक्यानं तेल चोळलं. प्रत्येक म्हशीगणिक त्याचा हात जड होत गेला. अकरा झाल्या तेव्हा त्याच्यानं पुढं होईना. छावणीच्या तोंडाशी छबुबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, चार मेढी, वर बारदान आणि खाली स्टोव्ह. ती स्वतःच्या गाढवावरून स्वतःचं पाणी आणायची, त्यामुळं कुणाला ऐकून घ्यायची नाही. सटवा तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"काकू, एक पातेलं उकळी पाणी द्या. वस्तरा बुडवायचाय, फडकं बी."

"मेल्या, मी चहा करते, का म्हशीची अंघोळ?"

"अकरा झाल्या तशाच. आता हात चालत न्हाई माझा."

छबुबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पातेलं स्टोव्हवर चढवलं. दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही ते उकळत ठेवलं. बाराव्या म्हशीपासून एकोणचाळिसाव्यापर्यंत प्रत्येक वेळी वस्तरा उकळला, फडकं उकळलं.

अठरा-वीस दिवसांनी सटवाची बायको शिवकन्या त्याला भाकरी वाढताना थांबली. "हे काय हाय?" त्याच्या उजव्या मनगटाच्या वर लाल कडी उठली होती. कड फुगीर, मधली जागा साफ, बारीक कोंडा. खाज चार दिवसांपासून होती. तो घाम समजत होता.

सटवानं भाकरी तशीच ठेवली. "कडी हाय," तो म्हणाला. "माझ्याच हातानं आणली."

तो छावणीत पोचला तेव्हा तिथं आधीच गलका होता. म्हशींच्या अंगावर राखेचे डाग उठले होते. मानेवर, डोळ्यांभोवती, कुणाच्या पाठीवर. दोन बायकांच्या हातांवर कड्या होत्या. आणि सगळ्यांनी मिळून कारण शोधूनही ठेवलं होतं, जैनबबीची म्हैस. तिच्या मानेचे केस सगळ्यांच्या आधी, पार माघातच गेले होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय शेजारच्या पालातल्या एका बाईनं फरीदाची ओढणी सरकलेली पाहिली होती, पोरीच्या डोक्यात कानाच्या वर रुपयाएवढं टक्कल पडलेलं. म्हणजे रोग त्या घरातच होता. मोहनरावांनी निकाल दिला, गुरुवारी संध्याकाळच्या चाऱ्याआधी म्हैस बाहेर.

गुरुवार म्हणजे दुसराच दिवस होता.

जैनबबी म्हशीच्या पुढ्यात बसून होती. सटवाला पाहून तिनं पदर सारखा केला. "भाऊ, तुमीच सांगा. बाहेर काढली तर चार दिवसांत आडवी व्हईल. पोटात जीव हाय तिच्या. मी कुठं नेऊ हिला? कुणाच्या दारात बांधू?"

सटवानं म्हशीच्या मानेवर हात फिरवला. केस गेले होते खरे, पण दोरीच्या रुंदीएवढेच, दोन्ही बाजूंनी सारखे, जणू कुणी आखून काढलेले. गळ्यात नायलॉनचं दावं होतं. खाली कातडी साफ, थोडी सोललेली. बाकी अंगावर नव्यानं फुटलेला केस तांबूस. नुसत्या उसावर किती दिवस काढणार?

"हे दावं हाय, भाभी. अन् भूक हाय. रोग न्हाई." मग तो पालाकडं वळला. "पोरीचं बी बघायला पायजे. पण मी हात लावणार न्हाई. तुमी बोट फिरवा अन् मला सांगा."

फरीदा पालात पाठमोरी बसली होती. "नको अम्मी," ती म्हणाली. "बघू दे की सगळ्यांना. आता लपवून काय करायचंय?" पण तिनं ओढणी काढली नाही. जैनबबीनं पालात जाऊन बोट आत घातलं.

"काय लागतंय?" बाहेरून सटवानं विचारलं.

"गुळगुळीत."

"खपली? कोंडा? तुटक्या केसांची बुडं टोचत्यात का?"

"न्हाई. चिंचोक्यावाणी गुळगुळीत हाय."

"खाज येती का, पोरी?"

"न्हाई, मामू," फरीदा म्हणाली. "एका सकाळी उठले तर उशीवर पुंजकाच. दुखलं न्हाई, खाजलं न्हाई."

"मग ती चाई हाय. चाई कुणाकडून येत न्हाई अन् कुणाला जात न्हाई. बहुतेकांचे केस आपसूक येतात. बीडला कातडीच्या डाक्टरला एकदा दाखवा. पण ह्या छावणीच्या रोगाशी तुझ्या डोक्याचा काडीचा संबंध न्हाई." आतून फरीदा म्हणाली, "हे बाहेर सांगाल का, मामू? मोठ्यानं?"

सटवा त्या दिवशी गप्प घरी गेला. त्याला ठाऊक होतं की मोठ्यानं सांगायचं म्हणजे फक्त चाईचं सांगून भागणार नाही. आधी स्वतःचं सांगावं लागेल. वस्तरा त्याचा, फडकं त्याचं. हे कबूल केल्यावर तालुक्यात त्याला म्हशीजवळ कोण उभं करील? शिवकन्येला त्यानं एवढंच विचारलं, "भादरणं बंद झालं तर काय करशील?"

ती म्हणाली, "रोजगार हमीवर जाईन. तुमी काय करशाल ते बगा. गप बसायचं तुमाला जमत न्हाई अन् बोलायचं बी जमत न्हाई."

गुरुवारी दुपारी मोहनराव खुर्चीत बसले होते. चैत्राच्या उन्हात माळ तापला होता, आणि त्यांनी गळ्याभोवती उपरणं दोन फेरे देऊन बांधलं होतं. सटवा खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि बाही कोपरापर्यंत वर सारली.

"अण्णा, जैनबभाभीची म्हैस काढायच्या आधी मला काढा. गजकर्ण माझ्या हातावर हाय. अन् ते मीच पसरवलंय. ह्या वस्तऱ्यानं."

माणसं गोळा झाली. कुणी शिवी दिली. एकजण म्हणाला, "बघा, स्वतःच कबूल हाय!"

"कबूल हाय," सटवा म्हणाला. "आता पुढचं बी ऐका. डाग किती म्हशींना हायत? मोजा."

भारत, छावणीचा राखणदार, दावणीनं हिंडून आला. "अकरा."

"कोणाच्या कोणाच्या?"

भारतानं नावं घेतली. सटवा म्हणाला, "आता भादरायचा क्रम सांगा. मी सांगत न्हाई, तुमीच सांगा."

क्रम कुणाला विचारायची गरज नव्हती. तास तास भांडून लावलेला क्रम सगळ्यांना तोंडपाठ होता. "पहिली चेअरमनची," कुणीतरी सुरुवात केली. "दुसरी व्हाइसची." तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. "सातवी माझी," एक चुलतभाऊ म्हणाला. "सातवी माझी व्हती, खोटं कावून बोलतो?" दुसरा उसळला. मग दोघंही गप्प झाले, कारण दोघांच्याही म्हशींना डाग होते आणि सातवं असणं आता कुणालाच नको होतं. आठवी, नववी, दहावी, अकरावी. अकराच्या अकरा. बाराव्या म्हशीचा मालक आपल्या म्हशीकडं धावत गेला आणि अंगभर हात फिरवून आला. "हिला काहीच न्हाई!" तो ओरडला.

"न्हाईच राहणार," छबुबाई गर्दी सारत पुढं आली. हातात तेच पातेलं. "अकरा झाल्यावर हा माझ्याकडं रडत आलता. तवापासून माझ्या पातेल्यात वस्तरा उकळतोय. अजून चहाला म्हशीचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय. मला इचारा बारावीपासून पुढं!"

"जैनबभाभीची म्हैस एकोणचाळिसावी," सटवा म्हणाला. "सगळ्यांच्या मागं. पहिल्या अकरांना तिनं रोग कसा दिला? तिच्या मानेचा केस दाव्यानं गेलाय. हात लावून बघा, दाव्याची वाट सोडून कुठं गेला असंल तर माझी मान कापा. अन् पोरीच्या डोक्यात चाई हाय. चाई लागट नसती. ज्यानं ज्यानं तोंड वाजवलं त्यानं हे बी तेवढंच वाजवावं."

"मग पहिल्यांदा आला कुठून?" मोहनरावांनी विचारलं. विचारलं आणि त्यांचा हात उपरण्याकडं गेला.

सटवानं मान खाली घातली नाही. "मानातून आला, अण्णा. तुमच्या वगारीच्या डाव्या कानामागं डाग होता. मी त्या दिवशी हळू सांगितलं, मोठ्यानं सांगायचं होतं. तुमी चेअरमन म्हणून मी गिळलं. ती चूक माझी. पण त्या चुकीची शिक्षा शेवटच्या दावणीला द्यायची न्हाई."

मोहनरावांचा चेहरा लाल झाला होता. त्यांची बोटं उपरण्याखाली मानेवर फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती.

"अण्णा," छबुबाई म्हणाली, "उकडतंय लई. उपरणं काढा की."

दोघंतिघं खाकरले. एकजण पाठ फिरवून हसला. मोहनरावांनी उपरणं काढलं नाही, पण आता काढायची गरजही उरली नव्हती. सटवा दोन पावलं पुढं गेला आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "दुकानातली ट्यूब लावत असाल तर बंद करा. तिनं वरून दबतं अन् आतून पसरतं. मी उद्या आष्टीच्या दवाखान्यात चाललोय. चला बरोबर. ह्यात लाजायचं काय? माझ्या हातावर बी तेच हाय."

मोहनरावांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते उठून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हैस राहू द्या तिची. पण सटवा, उद्यापासून ह्या छावणीत तुझा वस्तरा दिसला न्हाई पायजे."

"वस्तरा ठेवतो घरी," सटवा म्हणाला. "डोळे कुठं ठेवू?"

"बोल, अजून काय बोलायचंय ते बोल."

"बोलतो. अकरा म्हशी वाऱ्याखालच्या बाजूला वेगळ्या बांधा. त्यांचं पाणी वेगळं, दावी वेगळी, झुली वेगळ्या. जुनी फडकी जाळा. त्यांना हात लावला की साबणानं धुवा. ढोरांच्या डाक्टरला बोलवा, औषध ते सांगतील तेच लावा. ज्याच्या अंगावर कडी हाय त्यानं दवाखाना गाठायचा. अन् पहिला खुंटा तुमच्या वगारीचा ठोका, अण्णा. मान तिथं बी तुमचाच."

ह्यावर हसू फुटलं. चेअरमनच्या तोंडावर लोक हसले, असं छावणीत पहिल्यांदाच झालं. मोहनराव गाडीत बसून निघून गेले. पण तासाभरानं त्यांचा गडी आला, वगार सोडली आणि वाऱ्याखाली नेऊन बांधली. मग व्हाइस चेअरमनची गेली. सातवीवाले दोघं कोण आधी जाणार म्हणून पुन्हा भांडत होते. ह्या खेपेला दोघंही "तू आधी" म्हणत होते.

संध्याकाळी उसाची गाडी आली. भारत दावणीनं मोळ्या टाकत येत होता. जैनबबीच्या खुंट्याशी तो थांबला. गुरुवारपासून हिला चारा नाही, असं त्याला सकाळीच सांगितलेलं होतं, आणि नंतरचं बोलणं हुकूम धरायचं की नाही हे त्याला ठरवता येईना. त्यानं मोळी हातात धरून सटवाकडं पाहिलं.

"टाक," सटवा म्हणाला.

"अण्णांनी उद्या विचारलं तर?"

"माझं नाव सांग."

मोळी पडली. म्हशीनं मान घातली आणि वाढं ओढून चघळू लागली. जैनबबीनं तिच्या गळ्यातलं नायलॉनचं दावं सोडून तिथं जुन्या लुगड्याची पिळलेली दोरी बांधली. फरीदा बादली घेऊन हौदावर निघाली. ओढणी डोक्यावर होती, पण मागच्यासारखी हनुवटीपाशी दातांत धरलेली नव्हती. वाटेत त्या शेजारच्या पालातल्या बाईनं तिला जागा दिली. फरीदानं जागा घेतली आणि तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.

त्या वर्षी सटवाला भादरायला कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षीही फार थोड्यांनी बोलावलं. शिवकन्या रोजगार हमीवर गेली, तोही गेला. डाग उन्हाळ्याबरोबर हळूहळू भरत आले. अकरांतली एकही म्हैस दगावली नाही. जैनबबीची म्हैस छावणीतच व्याली. मोहनराव आष्टीच्या दवाखान्यात गेले होते, पण सटवाबरोबर नाही, दोन दिवस उशिरा आणि दुसऱ्या गाडीनं.

पण हे सगळं नंतरचं. शुक्रवारी दुपारी दवाखान्यातून परतल्यावर सटवा थेट छावणीकडं आला. आत बायामाणसं त्याची वाट बघत होती. कुणाच्या कडेवर डोक्यात चट्टा असलेलं लेकरू, कुणाची काखेत खाज, कुणाच्या वासराच्या डोळ्याभोवती केस नाहीत. भारतानं दांडकं आडवं धरलं.

"मामा, माझा इलाज न्हाई. अण्णांनी सांगितलंय. वस्तरा आत जाऊ द्यायचा न्हाई."

सटवानं सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे करून दाखवले, आणि ते तसेच लोंबते ठेवून आत गेला.